त्रिकोण: खुणेचा अर्थ आणि रोजचे उपयोग (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

कापसावर फवारायच्या औषधाचा डबा, घाटाच्या तोंडाशी उभी असलेली पाटी, बिस्किटाचा पुडा, मोटारीचा स्टार्टर, शेताचं टिपण आणि देवघरातलं यंत्र या सगळ्यांवर त्रिकोण आहे. प्रत्येक ठिकाणी तो वेगळं काही सांगतो. गणित शिकवताना वर्गात, आणि वर्गापेक्षा जास्त पारावर आणि कृषी सेवा केंद्राच्या ओट्यावर, लोक याबद्दल जे विचारतात ते इथे एकत्र केलं आहे. काही उत्तरं लांब झाली आहेत. जो त्रिकोण नीट न कळल्याने जिवाला धोका होतो किंवा जमिनीचा वाद होतो, त्याला जास्त जागा दिली आहे.

त्रिकोण दिसला की त्याचा अर्थ धोका असाच घ्यायचा का?

नाही. त्रिकोणाला स्वतःचा एकच एक अर्थ नाही. तीन गोष्टी पाहाव्या लागतात: टोक कुठे आहे, रंग कोणता आहे आणि तो कशावर आहे. टोक वर, काठ लाल आणि रस्त्याकडेला असेल तर "पुढे सावध". टोक खाली, पूर्ण लाल आणि दवाखान्याच्या भिंतीवर असेल तर कुटुंब नियोजन. तपकिरी आणि खाण्याच्या पुड्यावर असेल तर मांसाहारी. आकार तोच, पण जागा बदलली की बोलणं बदलतं. म्हणून लेकरांना "त्रिकोण म्हणजे धोका" असं पाठ करून देऊ नका. ते कुठे आहे ते आधी बघायला शिकवा.

फवारणीच्या औषधाच्या डब्यावर जो रंगीत चौकोन असतो, त्यात त्रिकोण कुठे आला?

नीट बघा. तो चौकोन कोपऱ्यावर उभा केलेला आहे आणि मधून आडवी रेघ मारून त्याचे दोन सारखे त्रिकोण केलेले आहेत. कीटकनाशक नियम, १९७१ मध्ये हे असंच लिहिलं आहे. वरच्या त्रिकोणात इशाऱ्याचा शब्द, आणि सगळ्यात जहाल वर्गात कवटी व हाडांचं चित्र. खालच्या त्रिकोणात फक्त रंग. लेबलाच्या निदान एक सोळांश भागाएवढा हा चौकोन असला पाहिजे असाही नियम आहे, म्हणजे तो शोधावा लागू नये.

कीडनाशक, तणनाशक, बुरशीनाशक या सगळ्यांना हा चौकोन लागतो. एखादा डबा कीड मारायचं औषध म्हणून पुढे केला जातो आणि त्यावर हा चौकोनच नाही, नोंदणी क्रमांकही नाही, तर तो घेऊ नका. दुकानदार ओळखीचा असला तरी घेऊ नका, आणि जे घ्याल त्याची पावती घ्या.

खालच्या त्रिकोणाचे रंग कसे वाचायचे?

रंग चार आहेत. लाल म्हणजे अत्यंत विषारी. पिवळा म्हणजे खूप विषारी. निळा म्हणजे मध्यम विषारी. हिरवा म्हणजे त्या मानाने कमी विषारी. लाल आणि पिवळ्याच्या वर "विष" हा शब्द लाल अक्षरांत असतो, निळ्याच्या वर "धोका" आणि हिरव्याच्या वर "सावधान" अशा अर्थाचा शब्द असतो. बऱ्याच डब्यांवर तो मोठ्या अक्षरांत इंग्रजीत असतो, म्हणूनच रंग ओळखता येणं जास्त महत्त्वाचं.

हे रंग अंदाजाने दिलेले नाहीत. प्रयोगातल्या प्राण्यांच्या तोंडावाटे औषध दिल्यावर निम्मे प्राणी किती मात्रेला मरतात, यावरून वर्ग ठरतो. ही मात्रा शरीराच्या दर किलो वजनामागे मिलिग्रॅममध्ये मोजतात. लाल वर्गात ती १ ते ५०, पिवळ्यात ५१ ते ५००, निळ्यात ५०१ ते ५००० आणि हिरव्यात ५००० च्या वर. आकडा जितका लहान तितकं औषध जहाल. कातडीवाटे जाणाऱ्या विषाचं मोजमाप वेगळं करतात, आणि फवारणाऱ्या माणसाच्या अंगात ते मुख्यतः कातडीवाटे आणि श्वासावाटेच जातं.

इथे एक गोष्ट सुटते. हा रंग फक्त तात्काळ होणाऱ्या विषबाधेबद्दल सांगतो. वर्षानुवर्षं थोडं थोडं अंगात जात राहिलं तर काय होईल, ते या त्रिकोणात लिहिलेलं नाही. त्यामुळे हिरवा दिसला म्हणून उघड्या हाताने ढवळायचं, तोंडाला काही न बांधता मारायचं, असं करू नका.

लाल त्रिकोणाचं औषध जास्त जालीम, म्हणजे बोंडअळीवर जास्त चांगलं ना?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त काळजीचा वाटतो, कारण हा समज पक्का बसलेला आहे. रंग सांगतो तो माणसाला असलेला धोका. किडीवर औषध किती चालेल याचा त्या रंगाशी संबंध नाही. हिरव्या किंवा निळ्या खुणेचं औषध एखाद्या अळीवर लाल खुणेच्या औषधापेक्षा उत्तम चालू शकतं, कारण अळीचं शरीर वेगळं आणि माणसाचं वेगळं. एकाच किडीवर दोन औषधांची शिफारस असेल तर खालच्या त्रिकोणाचा रंग बघून कमी विषारी घ्या. दुकानात "पावरफुल द्या" असं म्हणण्याऐवजी किडीचं नाव सांगा, जमलं तर किडका पाला सोबत न्या.

दुसरं, एका पंपात दोन-तीन औषधं, वर टॉनिक, असं मिसळून मारतात. त्या मिश्रणाचा त्रिकोण कोणत्याच डब्यावर नसतो. २०१७ साली आपल्या मराठवाड्याशेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. पीक तेच आपलं आहे आणि पंपही तेच आहेत.

वाचता न येणाऱ्या मजुराला ही खूण कशी सांगावी?

डबा त्याच्या हातात देऊन सांगा. रिकामा किंवा सीलबंद डबा घ्या, खालच्या त्रिकोणावर बोट ठेवा आणि रंग त्याच्याच तोंडून म्हणवून घ्या. मग प्रत्येक रंगाला एक काम जोडा. लाल किंवा पिवळा असेल तर हातमोजे, तोंडाला फडकं, पूर्ण बाह्या असल्याशिवाय पंप पाठीवर घ्यायचा नाही. निळा-हिरवा असला तरी वाऱ्याच्या तोंडावर उभं राहून फवारायचं नाही, मध्येच तंबाखू मळायची नाही. बहुतेक घरांत फवारणारा पुरुष असतो आणि पाणी भरून देणारी, औषध ढवळणारी बाई असते. तिला कोणी सांगत नाही. शुद्ध, पाणी न मिसळलेलं औषध तिच्या हाताला लागतं, म्हणून आधी तिला सांगा.

गरगरलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, घाम सुटला, लाळ गळू लागली, तर माणसाला औषधापासून लांब न्या, भिजलेले कपडे उतरवा, अंग साबण-पाण्याने धुवा आणि १०८ ला फोन करा. दवाखान्यात जाताना तो डबा किंवा लेबल बरोबर न्या. डॉक्टरला औषधाचं नाव तिथेच मिळतं आणि उताराही बऱ्याचदा लेबलावर लिहिलेला असतो.

रस्त्यावरच्या पाट्या त्रिकोणी का, काही गोल का?

आकारावरून पाटीचा प्रकार लांबून कळावा म्हणून. लाल काठाचा, टोक वर असलेला त्रिकोण सावध करतो: पुढे वळण, शाळा, अरुंद पूल, उतार. गोल पाटी हुकूम देते: वेगमर्यादा, प्रवेश बंद. चौकोनी पाटी माहिती देते: दवाखाना, पेट्रोल पंप. मांजरसुंब्याच्या घाटात किंवा कन्नडच्या घाटात धुकं असताना आतलं चित्र दिसत नाही, तरी त्रिकोण दिसला की पाय ब्रेकवर गेला पाहिजे.

मग उलटा त्रिकोण?

रस्त्यावर टोक खाली असलेला त्रिकोण एकाच कामासाठी आहे: रस्ता द्या. तुम्ही आडवाटेने मोठ्या रस्त्याला लागत असाल तर आधी तिकडच्या गाड्या जाऊ द्यायच्या. आपल्याकडे ही पाटी दिसते कमी आणि पाळली जाते त्याहून कमी.

दुसरा उलटा त्रिकोण जुन्या माणसांना जास्त ओळखीचा आहे, तो कुटुंब नियोजनाचा लाल त्रिकोण. १९६०च्या दशकाच्या शेवटी हा देशभर भिंतींवर रंगवला गेला, आणि ही खूण पुढे आणण्याचं श्रेय कुटुंब नियोजन खात्यातले अधिकारी दीप त्यागी यांना दिलं जातं. १९६८ ला आलेल्या निरोधच्या (सरकारी कंडोमच्या) पाकिटावरही तो होता. ज्या देशात निम्म्याहून जास्त लोकांना अक्षर येत नव्हतं, तिथे भिंतीवर विटकरीने किंवा गेरूने कोणालाही काढता येईल अशी खूण निवडली, ही मला फार शहाणपणाची गोष्ट वाटते. खेड्यातल्या प्राथमिक आरोग्य उपकेंद्रांच्या भिंतींवर तो अजून सापडतो.

उसाच्या ट्रॉलीमागे लाल त्रिकोण लावणं खरंच गरजेचं आहे का?

गळीत हंगामात रात्री ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या मागे जाऊन जे अपघात होतात, ते पाहिलेल्या कोणाला हा प्रश्न पडणार नाही. दोन ट्रॉल्या जोडलेल्या, मागचा दिवा उसाच्या वाढ्यांनी झाकलेला, आणि वेग सायकलीचा. मागून येणाऱ्याला ते अंतर कळत नाही. ट्रॉलीच्या मागचे रिफ्लेक्टर त्रिकोणी असतात ते याचसाठी, की दिव्याच्या उजेडात आकार दिसताच "हा ट्रेलर आहे, लांब आहे, हळू आहे" हे समजावं. ऊस भरून झाल्यावर मागे जाऊन एकदा बघा, वाढं खाली लोंबत असेल तर कापून टाका आणि रिफ्लेक्टर ओल्या फडक्याने पुसा. चिखलाने माखलेला रिफ्लेक्टर असून नसल्यासारखा.

गाडी रस्त्यात बंद पडली तर घडीचा त्रिकोण गाडीला टेकवून ठेवू नका. मागे चांगला पन्नास-साठ पावलं जाऊन ठेवा, वळणावर असाल तर वळणाच्या अलीकडे. आपल्याकडे त्याऐवजी दगड ठेवतात आणि गाडी निघाली की दगड तिथेच राहतो. तो दगड रात्री दुचाकीवाल्याचा जीव घेतो.

पुड्यावर तपकिरी त्रिकोण दिसतो. पूर्वी ठिपका होता ना?

होता. तपकिरी काठाच्या चौकोनात तपकिरी ठिपका म्हणजे मांसाहारी, हिरव्यात हिरवा म्हणजे शाकाहारी. रंगांधळ्या माणसाला दोन ठिपके सारखेच दिसत. एफएसएसएआयच्या (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या) २०२० च्या नियमावलीने मांसाहारी खुणेतला ठिपका काढून त्रिकोण केला. आता रंग नाही कळला तरी आकार कळतो: गोल म्हणजे शाकाहारी, त्रिकोण म्हणजे मांसाहारी. ज्या पदार्थात अंडं आहे त्यावरही त्रिकोणच येतो. दूध आणि मध मात्र शाकाहारीत धरतात.

हिरवा ठिपका म्हणजे उपासाला चालतं असं नव्हे, आणि कांदा-लसूण नाही असंही नव्हे. त्यासाठी घटकांची यादी वाचावी लागते.

मोटारीच्या स्टार्टरवर "स्टार" आणि "डेल्टा" असतं, आणि डेल्टासमोर त्रिकोण. ते काय?

तीन फेजच्या मोटारीत तीन गुंडाळ्या असतात. त्या एकाला एक टोक लावून तिन्हीचा बंद त्रिकोण केला की त्याला डेल्टा म्हणतात, आणि तिघींची एकेक टोकं एकत्र बांधली की स्टार. खूण ही त्या जोडणीचंच चित्र आहे.

मोठी मोटार थेट डेल्टावर चालू केली तर सुरुवातीला फार जोराचा करंट ओढते. स्टारवर तो त्याच्या एक तृतीयांश होतो, कारण तेव्हा प्रत्येक गुंडाळीला ४१५ ऐवजी साधारण २४० व्होल्टच मिळतात. म्हणून आधी स्टार, मोटारीने वेग धरला की डेल्टा. डीपीवर लोड जास्त आणि व्होल्टेज कमी असताना मोटार वेग धरायला वेळ लावते. तेव्हा घाईने डेल्टावर टाकलं की ट्रिप होते आणि वारंवार तसं केलं की गुंडाळी जळते. पाणी यायला चार क्षण उशीर झालेला परवडतो, मोटार वर काढून रिवायंडिंगला नेणं परवडत नाही.

शेताचा एक तुकडा ओढ्यामुळे त्रिकोणी झाला आहे. त्याचे गुंठे कसे काढायचे?

पाया गुणिले उंची, त्याचं निम्मं. पाया म्हणजे कोणतीही एक बाजू. उंची म्हणजे समोरच्या टोकापासून त्या बाजूवर काटकोनात टाकलेली रेघ. सगळी चूक इथेच होते: लोक तिरप्या धुऱ्याची लांबी उंची म्हणून घेतात आणि गुंठे फुगतात. भावाभावांच्या वाटणीत या चुकीने मनं कायमची दुखावली जातात.

उदाहरण घ्या. एक बाजू १९८ फूट, तिच्यावर काटकोनात मोजलेली उंची ११० फूट. गुणाकार २१,७८०, निम्मे १०,८९० चौरस फूट. एक गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, म्हणजे १,०८९ चौरस फूट. तेव्हा बरोबर दहा गुंठे. चाळीस गुंठ्यांचा एकर.

जुनी मोजणी शंकू-साखळीने होत असे ती हीच रीत. साखळी ३३ फुटांची, तिचे सोळा आणे. शंकू म्हणजे काठीवर बसवलेलं, काटकोनात बघायचं साधन. शेताच्या मधून एक रेघ धरायची, शंकूने प्रत्येक कोपऱ्याकडे काटकोन टाकायचा, आणि शेत कसंही वेडंवाकडं असलं तरी त्याचे त्रिकोण आणि समलंब चौकोन पाडायचे. मोजमापं टिपणावर आणि हिशेब गुणाकार बुकात. भूमी अभिलेख कार्यालयातून तुमच्या गटाची ती जुनी पानं मिळवून बघा. आजोबांच्या वेळची जमीन त्रिकोणात्रिकोणाने कशी मोजली गेली ते समजतं.

मध्ये ज्वारी उभी आहे, उंची मोजता येत नाही. मग?

तीन बाजू मोजा, उंची लागत नाही. तिन्हींची बेरीज करून निम्मी करा. त्या निम्म्यातून प्रत्येक बाजू वेगवेगळी वजा करा. निम्मी बेरीज आणि तीन वजाबाक्या यांचा गुणाकार करून वर्गमूळ काढा. बाजू १३०, १४० आणि १५० फूट असतील तर निम्मी बेरीज २१०, वजाबाक्या ८०, ७० आणि ६०. चारींचा गुणाकार ७,०५,६०,०००, वर्गमूळ ८,४००. म्हणजे सात गुंठे आणि वर पाऊण गुंठ्याला थोडं कमी. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर हे होतं.

टेप ताणून धरा, उन्हात ढिली पडलेली दोरी वापरू नका. आणि हा हिशेब आपल्या समजुतीसाठी. खरेदीखत किंवा वाटणीपत्र करायचं असेल तर सरकारी मोजणी मागवा.

घराची आखणी करताना गवंडी तीन-चार-पाच म्हणतात, ते कशासाठी?

काटकोनासाठी. ज्या त्रिकोणाच्या बाजू ३, ४ आणि ५ असतात त्याचा ३ आणि ४ मधला कोन काटकोनच येतो. कोपऱ्यात खुंटी ठोकायची, एका दोरीवर तीन फुटांवर आणि दुसरीवर चार फुटांवर खूण करायची, आणि त्या दोन खुणांमधलं अंतर पाच फूट भरेपर्यंत दोरी सरकवायची. मग चुन्याची फक्की मारायची. मोठ्या घराला ९, १२ आणि १५ घ्या, चूक कमी राहते. शेवटी दोन्ही कर्ण मोजून सारखे आहेत का ते पाहा. कंपासपेटीतल्या गुण्याचंच हे काम, फक्त जमिनीवर.

पाणलोटाच्या कामात समतल रेषा काढायला लाकडी त्रिकोण वापरतात तो कसा करायचा?

दोन सारख्या लांबीच्या काठ्या वर एकत्र बांधा, खाली पाय फाकवा, मध्ये आडवी पट्टी ठोका. वरच्या टोकापासून दोरीला दगड बांधून सोडा, दोरी आडव्या पट्टीला घासून गेली पाहिजे. आता चौकट जमिनीवर उभी करा आणि दोरी पट्टीवर कुठे येते तिथे खूण करा. पाय आहेत तिथेच अदलाबदल करून ठेवा, पुन्हा खूण करा. दोन खुणांच्या बरोबर मध्ये तिसरी, पक्की खूण करा. दोरी त्या पक्क्या खुणेवर आली की दोन्ही पाय एका पातळीत.

मग माळावर एक पाय रोवून दुसरा वर-खाली सरकवत दोरी खुणेवर आणायची, तिथे फक्की टाकायची आणि पुढचं पाऊल घ्यायचं. अशी रेघ डोंगराच्या अंगाने वळत जाते आणि त्यावर खोदलेल्या चरात पाणी एका बाजूला न पळता सगळीकडे सारखं थांबतं. फक्त वारा पडलेला असताना हे काम करा, नाहीतर दगड हलत राहतो. खर्च जवळजवळ नाही, आणि सातवी-आठवीची मुलं हे व्यवस्थित करतात.

किल्लारीच्या भूकंपानंतर माळवदाच्या घरांना कोपऱ्यात तिरप्या पट्ट्या मारायला सांगत होते. त्याने काय होतं?

३० सप्टेंबर १९९३, अनंत चतुर्दशीच्या रात्रीनंतरची पहाट. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात हजारो माणसं झोपेतच गेली. घरं होती मातीत रचलेल्या दगडी भिंतींची, दोन-अडीच फूट जाड, वर माळवद म्हणजे लाकडावर माती टाकून केलेलं सपाट छप्पर, आणि माळवदावर पावसाळ्यागणिक वाढत गेलेला पांढऱ्या मातीचा थर. भिंतीचे आतले आणि बाहेरचे दगड एकमेकांत गुंतलेले नव्हते. हादऱ्याने दोन्ही पदर सुटले आणि वरचं सगळं वजन खाली आलं.

दुरुस्तीच्या सूचनांत बऱ्याच गोष्टी होत्या: माळवदावरची माती कमी करा, भिंतीत आरपार जाणारे दगड घाला, भिंतीभोवती पट्टा बांधा. आणि लाकडी सांगाडा असेल तिथे खांब आणि तुळई यांच्या कोपऱ्यात तिरपं लाकूड मारा. हे शेवटचं काम त्रिकोणाचं.

घरी करून बघता येतं. बांबूच्या चार पट्ट्या घ्या, प्रत्येक कोपऱ्यात एकच खिळा मारून चौकोन करा. बाजूने ढकला, तो लगेच लवंडतो, पट्टी मात्र एकही मोडत नाही. आता कर्णावर पाचवी पट्टी मारा. चौकोनाचे दोन त्रिकोण झाले आणि तो हलायचा थांबला. चार बाजू त्याच ठेवून चौकोनाचे कोन बदलता येतात, तीन बाजू ठरल्या की त्रिकोणाचे कोन बदलूच शकत नाहीत. खांबावर नुसती टेकलेली तुळई भूकंपात डोलते. कोपऱ्यात तिरपं लाकूड आलं की तो कोपरा धरून ठेवला जातो.

पत्र्याच्या शेडला वेल्डर कैची (छपराखालचा त्रिकोणी लोखंडी सांगाडा) करतात तीही यासाठीच. लोखंड वाचवायचं म्हणून कैचीतल्या मधल्या तिरप्या पट्ट्या गाळायला सांगणारे मालक मी पाहिले आहेत. ते करू नका. वळवाच्या वादळात पत्रे उडतात तेव्हा पहिल्यांदा अशी शेडं जातात. शेताच्या फाटकाला, गोठ्याच्या दारालासुद्धा एक तिरपी पट्टी असू द्या, दार खाली लोंबत नाही.

मोसंबी त्रिकोणात लावली तर झाडं जास्त बसतात का?

हो. झाडाझाडांतलं अंतर तेवढंच ठेवून चौकोनाऐवजी समभुज त्रिकोणात लावली तर साधारण १५ टक्के झाडं जास्त बसतात. पाच मीटरवर चौकोनात हेक्टरी ४००, त्रिकोणात ४६० च्या आसपास. कारण ओळी जवळ येतात, पण शेजारचं झाड पाच मीटरच्या आत येत नाही. यालाच षटकोनी पद्धत म्हणतात. आखणीला मात्र त्रास आहे, आणि ट्रॅक्टरने आंतरमशागत करणार असाल तर ओळींतलं कमी झालेलं अंतर आधी मोजून घ्या. जालन्याकडच्या जुन्या बागाइतदारांना विचारलं तर ते पाण्याचा हिशेब आधी करा म्हणतील, आणि तेच बरोबर आहे. १५ टक्के झाडं जास्त म्हणजे उन्हाळ्यात टँकरही तेवढेच जास्त.

नकाशावर डोंगराच्या माथ्याला छोटा त्रिकोण आणि शेजारी आकडा असतो, तो काय?

ते त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचं ठाणं, आणि आकडा म्हणजे समुद्रसपाटीपासूनची उंची. १८०२ मध्ये मद्रासजवळ विल्यम लॅम्बटन या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने हे काम सुरू केलं. एक बाजू जमिनीवर अचूक मोजायची, तिच्या दोन टोकांवरून लांबचा तिसरा माथा पाहून कोन घ्यायचे, की उरलेल्या दोन बाजू न मोजता निघतात. मग त्यांच्यावर पुढचा त्रिकोण. ही साखळी वर सरकत आली आणि १८१५ मध्ये आपल्या लातूरला लागून असलेल्या बीदरजवळ पायाची रेघ मोजून तपासली गेली. लॅम्बटन १८२३ मध्ये हिंगणघाटला वारले.

देवधर्मात त्रिकोणाचा अर्थ काय?

टोक वर तो शिव, टोक खाली ती शक्ती, असं तंत्रात मानतात. श्रीयंत्रात असे नऊ त्रिकोण एकमेकांत गुंफलेले असतात, चार वर टोकाचे आणि पाच खाली टोकाचे, आणि त्यांच्या छेदातून ४३ लहान त्रिकोण तयार होतात. हातानं काढून बघा, जागोजागी तीन-तीन रेघा एकाच बिंदूत आणणं किती अवघड आहे ते कळतं. ज्यांनी ते पहिल्यांदा साधलं त्यांच्या हाताला आणि डोळ्याला नमस्कार करावासा वाटतो.

आपल्याकडच्या कुंडलीतही चार चौकोन आणि आठ त्रिकोण असतात. गंमत अशी की पहिलं, पाचवं आणि नववं या घरांना "त्रिकोण" म्हणतात, पण त्यातलं पहिलं घर चित्रात चौकोनी असतं.

नाथषष्ठीला पैठणला येणाऱ्या दिंड्यांतली भगवी पताका टोकाकडे निमुळती होत जाते. टोकाला कापड कमी, त्यामुळे वाऱ्यात काठीवर ताण कमी येतो, आणि मैलोन्‌मैल खांद्यावर वागवणाऱ्याला ते बरं पडतं.

मोबाइलवरचा आडवा त्रिकोण, लिफ्टमधले त्रिकोण, गाडीतलं लाल त्रिकोणाचं बटण?

पहिले दोन म्हणजे नुसते बाण: उजवीकडे टोक म्हणजे चालू करा, वर-खाली टोक म्हणजे वर-खाली जा. गाडीतलं लाल त्रिकोणाचं बटण दाबलं की चारही इंडिकेटर एकदम लुकलुकतात. ते गाडी बंद पडली किंवा अडचणीत उभी केली तरच वापरायचं. चौकात सरळ जायचं आहे हे दाखवायला अनेक जण ते लावतात. तसं करू नका, बाजूने बघणाऱ्याला एकच इंडिकेटर दिसतो आणि तुम्ही वळताय असं त्याला वाटतं.

प्लास्टिकच्या डब्याखाली बाणांचा त्रिकोण आणि आत आकडा असतो. त्यावरून डबा पाण्याला वापरावा की नाही हे कळतं का?

कळत नाही. १ ते ७ हा आकडा फक्त प्लास्टिकचा प्रकार सांगतो. १ म्हणजे पाण्याच्या बाटलीचं पेट, २ म्हणजे कॅनचं जाड पॉलिथिन, ३ पीव्हीसी, ४ पिशव्यांचं मऊ पॉलिथिन, ५ म्हणजे जेवणाच्या डब्यांचं पॉलिप्रॉपिलीन, ६ थर्माकोलचं पॉलिस्टायरिन आणि ७ म्हणजे बाकी सगळं. ही पद्धत १९८८ मध्ये अमेरिकेच्या प्लास्टिक उद्योगाने भंगार वेगळं करणं सोपं जावं म्हणून आणली. आकडा असला म्हणजे तुमच्या गावचा भंगारवाला ते घेईलच असंही नाही.

सगळ्यात मोठा घोटाळा २ या आकड्यात होतो. दुधाच्या कॅनखाली २ असतो आणि कीटकनाशकाच्या कॅनखालीही बऱ्याचदा २ असतो. प्लास्टिक एकच, पण दुसऱ्यात विष मुरलेलं असतं आणि घासून धुतलं तरी पुरतं निघत नाही. असा कॅन पाण्याला, दुधाला, तेलाला, जनावरांच्या पेंडीला, कशालाही घेऊ नका. रिकामा झाला की तीन वेळा विसळा, ते पाणी पंपातच ओता, मग विळ्याने तळाशी भोक पाडा. भोक पाडलेला कॅन कोणी उचलून पाण्याला नेत नाही.